उसातला बिबट्या आणि अकरावीतली लेक

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

कराड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांचं घर गावाबाहेर मळ्यात आहे आणि तीन बाजूंनी ऊस आहे. मुलगी अकरावी सायन्सला, कराडच्या कॉलेजात. पावणेसातची एसटी धरायला ती वस्तीवरून फाट्यापर्यंत दीडेक किलोमीटर चालत जाते. संध्याकाळी क्लास करून उतरते तेव्हा या दिवसांत अंधार पडलेला असतो. गावातली पंचवीस-तीस पोरं हाच रस्ता वापरतात. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली आणि शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली. आठवड्याभरात एका बंगल्याच्या सीसीटीव्हीत तो रस्ता ओलांडताना दिसला आणि तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. गावात माणसावर आजवर हल्ला झालेला नाही. वनरक्षक येऊन सांगून गेले, "हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही." तेव्हापासून घरात दोनच पर्याय बोलले जातायत. एक म्हणजे कॉलेज बंद करून, सायन्स सोडून आर्ट्सला १७ नंबरचा, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म भरायचा. दुसरा, चुलतभावानं तिला आणि आणखी एकीला मोटारसायकलवरून सोडायचं. सासूबाई म्हणतात, आता पोरीचं बघायला लागा. मुलीनं तीन दिवस अबोला धरलाय. धाकटा मुलगा आठवीत आहे, तो त्याच रस्त्यानं सायकलवर जातो. ताई विचारतात, "एक टक्का जरी धोका असला, तरी आई म्हणून मी तो कसा घेऊ? खरंच किती धोका आहे, तेवढं सांगा."

ताई,

धोका किती, याचं उत्तर द्यायचा मी नीट प्रयत्न करणार आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबू या. धाकटा त्याच रस्त्यानं सायकलवर जातो, हे तुम्ही सहज लिहून पुढं गेलात. त्याच्या शाळेवर घरात बैठक झालेली नाही. त्याला १७ नंबरचा फॉर्म भरायला कुणी सांगितलेलं नाही.

मुलगा कोण आणि मुलगी कोण, हे बिबट्याला कळत नाही. समोरचं अंग केवढं आहे, ते एकटं आहे का, खाली वाकलेलं आहे का, एवढंच त्याच्या उपयोगाचं असतं. त्या हिशेबानं आठवीतला मुलगा अकरावीतल्या मुलीपेक्षा जास्त जपायला हवा. तरी घरानं बंदी घातली ती मुलीवर. मी कुणाला दोष देत नाही, कारण हे ठरवून होत नाही. पण मला वाटतं, तुमच्या घरात बिबट्याच्या आधीपासून काही काळज्या आहेत. मुलगी मोठी झाली, रोज कराडला जाते, क्लासला उशीर होतो, फाट्यावर टवाळ पोरं उभी असतात. या काळज्या खऱ्या असतील, तर त्या त्यांच्या नावानं बोला, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. बिबट्याच्या नावाखाली त्या आल्या, की दोन्हींवरचा उपाय म्हणून शिक्षण बंद होतं आणि मूळची एकही काळजी सुटत नाही.

आता तुमचा एक टक्का. हा आकडा आपण सगळेच वापरतो आणि त्यातून म्हणायचं असतं ते "अगदी थोडा". पण तो खरा धरून बघा. फाट्यापर्यंतच्या एका फेरीला खरोखरच शंभरात एक धोका असता, तर काय झालं असतं? तुमच्या गावातली तीस पोरं जाऊन-येऊन दिवसाला साठ फेऱ्या करतात. म्हणजे आठवड्याला तीन-चार हल्ले झाले असते आणि दिवाळीपासून आत्तापर्यंत गाव रिकामं झालं असतं. तुमच्या पत्राप्रमाणे आजवर एकही हल्ला नाही. म्हणजे खरा धोका एक टक्क्याच्या कितीतरी खाली आहे. तो शून्यही नाही. "आजवर काही झालं नाही म्हणजे होणारच नाही" असं गावात कुणी म्हणत असेल, तर तेही तितकंच चूक आहे. पण एक टक्का आणि दहा हजारांत एक यांत शंभर पटींचं अंतर आहे. आपल्या मनाला दोन्ही सारखेच वाटतात. एकदा "थोडा धोका आहे" असं ऐकलं, की थोडा म्हणजे किती, हे मन विचारायचं थांबतं.

याचं कारण तुमच्या फोनमध्ये आहे. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली हे मांडलं. एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज आपण मोजून बांधत नाही, ती किती चटकन आठवते यावरून बांधतो. तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ तुम्ही किती वेळा पाहिलात? नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, महिला बचत गटाच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला. बिबट्या एकदा रस्ता ओलांडून गेला, तुमच्या डोळ्यांसमोरून मात्र तो पन्नास वेळा गेला असेल. त्याच महिन्यात त्याच रस्त्यानं पोरांच्या हजारभर फेऱ्या सुखरूप झाल्या. त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही आणि काढणारही नाही.

पॉल स्लोव्हिक या संशोधकानं पुढं आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या धोक्यात भयानकपणा असतो, ज्यावर आपला ताबा नसतो, तो धोका आपल्याला आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. रोजच्या सवयीचा, आपल्या हातातला वाटणारा धोका लहान वाटतो. अंधारातून झेप घालणारं जनावर पहिल्या प्रकारात बसतं. मोटारसायकल दुसऱ्या प्रकारात, कारण हँडल आपल्या पुतण्याच्या हातात असतं.

मोटारसायकलचा पर्याय मला सगळ्यात जास्त खुपतो तो याचमुळं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. देशातल्या मृतांपैकी साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले, मागं बसलेले असे १४,३३७ जण त्या वर्षात गेले. फक्त मागं बसलेले, ताई. बिबट्याच्या हल्ल्यात अख्ख्या महाराष्ट्रात वर्षाला जाणारे जीव दोन आकड्यांत मोजले जातात.

ही तुलना तुमच्या गावाला जशीच्या तशी लावणं बरोबर नाही, हेही सांगते. मुंबई-सोलापूरची माणसं धरून काढलेला सरासरी धोका उसातल्या वस्तीला लागू होत नाही. बिबट्याचा धोका थोड्याच तालुक्यांत गोळा झालेला आहे आणि तुमचा तालुका त्यात येतो. पण म्हणून दुसरी बाजू हलकी होत नाही. हंगामात तुमच्या रस्त्यावर काय असतं ते तुम्ही रोज बघता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर लोंबणारा ऊस आणि सांडलेल्या पाचटानं निसरडा झालेला रस्ता. त्या रस्त्यावरून पहाटेच्या अंधारात, धुक्यात, ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय दोन मुली. बिबट्यापासून वाचवायला निघालेलं घर आपल्या लेकीला याहून मोठ्या धोक्यात बसवत असेल, असं मला मनापासून वाटतं.

असं आधी घडलेलं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत कित्येक लोकांनी विमान सोडून मोटारीनं लांबचा प्रवास केला. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं पुढच्या वर्षभरातले रस्त्यावरचे मृत्यू तपासले. विमान टाळून रस्त्यावर आल्यामुळं साधारण १,५०० माणसं जास्तीची मेली, असा त्याचा अंदाज आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकानं आपण सुरक्षित मार्ग निवडला असंच समजून गाडी काढली असणार.

"घरी बसली तर निदान जीव तरी सलामत राहील," असं तुमचे मालक म्हणाले. घर म्हणजे शून्य धोका, हे गृहीत धरलेलं आहे. तुमच्याकडं मुलगी घरी बसली म्हणजे काय करते? वैरणीला जाते. बांधावर खाली वाकून गवत कापते, उसाच्या सरीत शिरून पाला काढते, तिन्हीसांजेला गोठ्यात जाते. माणसावर बिबट्याचे जे हल्ले होतात, त्यांत वाकून किंवा बसून काम करणारी माणसं पुष्कळ असतात, कारण बसलेलं माणूस त्याला चार पायांच्या जनावराएवढंच दिसतं. फाट्याच्या रस्त्यानं चार जणींबरोबर ताठ चालणारी, बोलत जाणारी मुलगी त्यापेक्षा सुरक्षित आहे. कॉलेज बंद केल्यानं बिबट्याचा धोका कमी होईल की वाढेल, याचा विचार त्या बैठकीत झाला का?

आणि साप. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. जवळजवळ सगळी खेड्यातली आणि बहुतेक दवाखान्यात पोचण्याआधीच गेलेली. शेतीची लाइट रात्रीची असली की तुमचे मालक रात्री उसाला पाणी पाजायला जातात. पायांत काय असतं? हातात बॅटरी असते की मोबाइलचाच उजेड? घोणस आणि मण्यार त्याच उसात आहेत, आणि बिबट्याही. तुमच्या घरात सगळ्यात जास्त धोका घेणारं माणूस बहुधा तेच आहे, आणि त्यांच्यासाठी कुणी बैठक बोलावलेली नाही. एक जोडी गमबूट आणि एक चांगली बॅटरी आजच आणा. या सगळ्या पत्रव्यवहारातून एवढं एकच झालं, तरी मला ते मोठं वाटेल.

आता बिबट्याकडं नीट बघू. तो तोडीच्या हंगामातच का दिसायला लागला? वर्षभर तो उसात होताच. मादी पिल्लं उसातच घालते, उंदीर-घुशींपासून कुत्र्यांपर्यंत सगळं उसाच्या आसपास मिळतं. तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो, एका फडातून दुसऱ्या फडात त्याला उघड्यावरून जावं लागतं आणि मग तो दिसतो. त्यात आता प्रत्येक बंगल्याला कॅमेरा आहे. दिसणं वाढलं म्हणजे तेवढ्याच पटीत बिबटे वाढले, असं होत नाही. थोडे वाढलेही आहेत. सरकारी अंदाजात महाराष्ट्रातले बिबटे २०१८ साली १,६९० होते, २०२२ साली १,९८५. ही मोजणी मुख्यतः जंगलातली आहे, उसातल्यांची शिरगणती अशी नाही. पण चार वर्षांतली ही वाढ आणि तुमच्या गावात एका महिन्यात वाढलेली भीती, यांचा मेळ बसत नाही.

बिबट्या जवळ असणं आणि त्यानं माणसावर हल्ला करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात कॅमेरे लावून अभ्यास केला. उसानं आणि वस्त्यांनी भरलेल्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच बिबटे निघाले, आणि तरी माणसांवरचे जीवघेणे हल्ले तिथं जवळजवळ नव्हते. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा होता कुत्र्यांचा. उलट जुन्नर, शिरूर, आंबेगाव भागात अलीकडं माणसं गेली आहेत, तुमच्या तालुक्यातही येणक्यात २०२१ साली ऊसतोड मजुराच्या लहान मुलाचा जीव गेला. म्हणून मी "काही होत नाही, बिनधास्त राहा" असं म्हणणार नाही.

येणक्यातलं ते लेकरू कुणाचं होतं, हे मात्र लक्षात राहू द्या. तुमच्या शिवारात या घडीला मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या असतील. त्यांच्या कोप्यांना, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांना दार नाही, मुलं फडाच्या कडेला खेळतात, आई-बाप पहाटे कोयता घेऊन उसात शिरलेले असतात. तुमच्या गावात बिबट्याचा खरा धोका कुणाला, असं मला विचारलं, तर मी त्या चार-पाच वर्षांच्या पोरांकडं बोट दाखवीन. गावच्या बैठकीत त्यांचा विषय निघाल्याचं तुमच्या पत्रात नाही. तो काढा. टोळी असेपर्यंत गावातली एखादी खोली, समाजमंदिर, अंगणवाडीचा ओटा त्या पोरांना दिवसा मिळाला, तर तिथं एक जीव वाचण्याची शक्यता तुमच्या मुलीचं कॉलेज बंद करण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

वनरक्षकांचं बोलणं पुन्हा आठवा. "शक्यता नाकारता येत नाही." सासूबाईंनी त्याचा अर्थ घेतला, होणारच. दिरांनी घेतला, सरकार हात झटकतंय. तुम्ही घेतला, एक टक्का. वाक्य एक आणि घरात तीन अर्थ. त्या माणसाची अडचण मला कळते. तो "नाही" म्हणाला आणि उद्या काही झालं, तर गाव त्यालाच धरणार. म्हणून त्याला धोका आहे का, असं विचारूच नका, त्याचं उत्तर कायम "आहे" असंच येणार. वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जा आणि असं विचारा की मोजून सांगावं लागेल. गेल्या पाच वर्षांत तालुक्यात माणसांवर किती हल्ले झाले? त्यांत किती मुलं, किती मोठी माणसं? किती वाजता? माणूस चालत होतं, बसलं होतं की गाडीवर होतं? आमच्या गावात जनावरं किती गेली आणि ती बंद गोठ्यातली होती की उघड्यावरची? दोन-चार बायका मिळून गेलात तर उत्तरं नीट मिळतील. भरपाईसाठी त्यांना नोंद ठेवावीच लागते, त्यामुळं ही माहिती त्यांच्याकडं असते. त्या उत्तरांत एखादं वेळापत्रक दिसेल, अमुक वेळ, अमुक जागा, अमुक वय. ते हातात आलं की उपाय आपोआप नेमका होतो.

गावाची मागणी पिंजऱ्याची आहे, असंही तुम्ही लिहिलंय. ती स्वाभाविक आहे, पण तिचा अनुभव चांगला नाही. जुन्नरला २००१ च्या सुमारास बिबटे पकडून दुसरीकडं सोडण्याची मोठी मोहीम झाली. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते मोहिमेनंतर सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या शिवारात दुसरा बिबट्या येऊन बसतो. माणसावर हल्ला करणारा बिबट्या वेगळा, त्याला पकडायलाच हवं. पण शेळी नेली म्हणून पिंजरा लावल्यानं काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि धोका वाढू शकतो. तोडीत पिल्लं सापडली तर ती घरी नेऊ नका, गर्दी करू नका. आई जवळच असते आणि रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. तिची पिल्लं उचलून नेली, तर गावाच्या मागं चवताळलेली मादी लागेल. वन विभागाला १९२६ वर फोन करा.

मग लेकीचं काय? माझं मत स्पष्ट आहे, कॉलेज बंद करू नका. धोका तिच्या शिक्षणात नाही, दीड किलोमीटर अंतरात आणि दोन अंधाऱ्या वेळांत आहे. बदलायची असेल तर वेळ बदला. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पावणेसातच्या गाडीसाठी ती पूर्ण अंधारात निघते. फेब्रुवारी संपेपर्यंत पुढची गाडी धरता येईल का? पहिला तास बुडेल. प्राचार्यांना त्या भागातल्या सगळ्या मुला-मुलींच्या सह्यांचं पत्र द्या, दीड-दोन महिन्यांची सवलत मागा. प्रात्यक्षिकाची बॅच दुपारची करून मागा. संध्याकाळच्या क्लासची वेळ बदलत नसेल, तर हे दोन महिने आठवड्यातून दोनच दिवस क्लास आणि बाकी घरी अभ्यास, असंही चालेल. ती हुशार आहे असं तुम्हीच लिहिलंय, ती भरून काढील.

चालायचं तर चौघी-पाच जणींनी मिळून चाला, आणि धाकट्यालाही त्याच घोळक्यात घ्या, एकटा सायकलवर नको. बोलत जा, बॅटरी लावा, कानात हेडफोन नको, वाटेत आडोशाला बसायचं नाही. वस्तीवरच्या आया-बापांनी पाळी लावून एकेक दिवस सोबत जावं, म्हणजे कुणाच्याही कामाचा फारसा खोळंबा होत नाही. या पाळीत बाप आणि चुलतेही असू देत. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, एकमेकींना चिकटून उभं राहून मोठ्यानं ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरायचं. हे मुलांना एकदा सांगून भागत नाही, अंगणात करून दाखवावं लागतं. चुलतभाऊ मोटारसायकलवर नेणारच असेल, तर एकावेळी एकीला, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट आणि उजाडल्यावर.

घराच्या बाजूला करायचं काम सोपं आहे, पण कष्टाचं आहे. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारून बंद करा. मेलेल्या कोंबड्या आणि चिकनच्या दुकानातली घाण ओढ्याला टाकणं गावानं थांबवायला हवं, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. रस्त्याच्या दोन्ही कडांचं गवत-झुडूप काढून घ्या. कडेचे शेतकरी तयार झाले तर उसाच्या दोन सऱ्या रस्त्यापासून आत सरकवता येतील. संडास घरात नसेल तर तो आधी.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यात पुष्कळ माणसं जाताना पाहिली असतील, त्यांची भीती फोनमधून आलेली नाही. त्यांना एवढंच विचारा, आपण पोरीला एका धोक्यापासून वाचवतोय, तर दुसऱ्या बाजूला तिचं काय जातंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचांत एक. शाळा-कॉलेज सुटलेली आणि घरात "बघायला लागा" अशी भाषा सुरू झालेली मुलगी कोणत्या बाजूला सरकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ही शक्यता बिबट्याच्या शक्यतेपेक्षा कित्येक पटींनी मोठी आहे, आणि ती हल्ल्यासारखी अंगावर येत नाही म्हणून कुणाला तिची भीती वाटत नाही. अठराच्या आत लग्न हा कायद्यानं गुन्हा आहे, हेही घरात एकदा स्पष्ट बोललं गेलेलं बरं.

मालकांशी मात्र आकड्यांनी बोला. एका कागदावर तीन रकाने करा. एकात चालत घोळक्यानं, दुसऱ्यात मोटारसायकल, तिसऱ्यात घरी आणि रानात. प्रत्येकाखाली लिहा, काय होऊ शकतं, किती वेळा होतं, ते कमी करायला आपण काय करू शकतो आणि त्यासाठी मुलीला काय सोडावं लागतं. शेवटचा प्रश्न बहुतेक घरांत कुणी लिहीत नाही. तुमच्या घरी जी चर्चा झाली, तिच्यात तो प्रश्न असता, तर १७ नंबरचा फॉर्म कुणी आणलाच नसता असं मला वाटतं.

हा कागद लेकीसमोर भरा. ती रोज त्या रस्त्यानं चालते, कुठल्या वळणाला तिला भीती वाटते, कुठला दिवा बंद आहे, कुठल्या घरचं कुत्रं सोडलेलं असतं, हे तुमच्यापैकी कुणालाही ठाऊक नाही. तिची स्वतःची भीतीही विचारा. कदाचित तिलाही वाटत असेल आणि कॉलेज बंद होईल म्हणून ती बोलत नसेल. तीन दिवसांचा अबोला त्यातूनही आलेला असू शकतो. भीती सांगितली तरी शिक्षण जाणार नाही, अशी खात्री तिला तुम्हीच देऊ शकता.

आणि गावात ज्यांना अशीच काळजी आहे, त्या बायकांना गोळा करा. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. फाट्याच्या रस्त्यावर सौर दिवे, गवतकापणी, कोप्यांवरच्या पोरांसाठी दिवसाची जागा आणि एसटी आगार व्यवस्थापकांना गाडीची वेळ बदलण्याबद्दल ठरावासह पत्र, एवढे चार विषय लेखी अर्जात घाला. बारावीपर्यंतच्या मुलींचा एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा गाडी वेळेवर आणि वस्तीजवळ थांबावी ही मागणी अजिबात जास्त नाही. अर्ज आधीच ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या, म्हणजे सभेत "विषय पत्रिकेवर नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही.